ग्रुपवर आलेला बिबट्याचा फोटो खरा की बनावट, घरबसल्या कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की कॉलनीच्या ग्रुपवर बिबट्याचा फोटो फिरून राहिलाय, आई पोरांना खाली खेळायला सोडत नाहीये, तर तो खरा की बनावट हे कसं कळेल. मी नागपुरात दाभ्याला राहतो, गोरेवाड्याचं जंगल जवळच, त्यामुळे असे फोटो आमच्याकडे नेहमीचेच.

आधी एक सांगतो, 'नागपुरात कुठला आलाय बिबट' म्हणून उडवून लावू नका. मे २०२१ च्या शेवटी गायत्रीनगर, आयटी पार्ककडे बिबट खरंच दिसला होता आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात, तर वाघ कॅमेरा ट्रॅपमध्ये (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) आला होता. म्हणजे येऊ शकतो, फक्त हा फोटो तुमच्याच भागातला अन् आजचाच आहे का, एवढं बघायचं.

माझ्या मते जनावर नंतर बघा, आधी जागा बघा. मागच्या थंडीत आमच्या ग्रुपवर असाच एक आला, कंपाउंडच्या भिंतीवर बिबट, बाजूला स्कूटर, मागे किराणा दुकान. रात्रीचे साडेदहा, बायको ड्युटीवरून यायची होती, माझा जीव नुसता टांगणीला. मग फोटो मोठा करून बघितला तर दुकानाची पाटी लांबून मराठी वाटत होती पण एक शब्द लागेना, वर रेघ आणि खाली नुसत्या वेड्यावाकड्या गाठी, स्कूटरच्या नंबर प्लेटचं पण तेच, एआयने बनवलेल्या फोटोत अक्षरं अशीच बिघडतात. सकाळी त्या जागेवर जाऊन उभा राहिलो तर तिथे भिंतच नाही, तारेचं कुंपण आहे!

आता जनावर. बिबट्याच्या पाठीवर, कुशीवर भरीव ठिपके नसतात, तुटक कड्यांसारखी फुलं असतात, भरीव ठिपके डोक्यावर अन् पायांवर. पूर्ण अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असेल तर तो चित्ता, कुठल्यातरी दुसऱ्याच फोटोतून उचललेला. उंची पण बघा, खांद्याशी साधारण दोन-सव्वादोन फूट, म्हणजे स्कूटरच्या सीटच्याही खालीच, आमच्या फोटोतला तर हँडलला टेकला होता. सावली बाकीच्या वस्तूंच्याच दिशेला पडतेय का तेही बघा.

फोटो खरा पण जुना किंवा दुसऱ्या गावचा असणं हे तर फार होतं, त्यासाठी गुगल लेन्समध्ये टाका, आधी कुठे छापून आला असेल तर बहुतेक सापडतो. आणि पाठवणाऱ्याला विचारा, तू स्वतः काढला का, काढला असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तारीख-लोकेशन निघून जातं. 'मला पण दुसऱ्या ग्रुपवरून आला' हे उत्तर आलं की तिथेच थांबवा, पुढे ढकलू नका. खरं जनावर असेल आणि शंभर लोक काठ्या, मोबाईल घेऊन धावले तर ते घाबरून कोणाच्याही घरात शिरतं, मग माणसंही जखमी होतात आणि तेही मरतं, मला याचीच जास्त भीती वाटते.

मातीत ठसे दिसले तर पुसू नका, बाजूला पेन ठेवून फोटो काढा. नखं उमटली असतील तर बहुतेक कुत्रा, बिबट चालताना नखं आत ठेवतो. शंका राहिलीच तर वनविभागाची हेल्पलाईन १९२६ आहे, तिथे जागा आणि वेळ नीट सांगा. आणि तोवर आईचं ऐका, अंधार पडला की पोरांना वर बोलवा.