४२९४९६७२९७ : पाया २ ची चाचणी इथे का फसते

प्रश्न असा : २^३२ + १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ वर फर्माची चाचणी चालवली (पायाचा, संख्येपेक्षा १ ने कमी इतका घात घ्यायचा आणि त्याला संख्येने भागायचं; संख्या मूळ असेल तर बाकी १ यायलाच हवी). पाया २ घेतल्यावर बाकी १ आली, पाया ३ घेतल्यावर ३०२९०२६१६०. प्रोग्राम चुकला, की संख्या मूळ नाही?

प्रोग्राम बरोबर आहे. संख्या संयुक्त आहे : ६४१ × ६७००४१७. पाया ३ ने खरं सांगितलं. पाया २ इथे घेऊच नका. २^३२ ला या संख्येने भागलं की बाकी −१ (म्हणजेच ४२९४९६७२९६) राहते, हे तिच्या घडणीतच आहे. वर्ग केला की २^६४ ची बाकी १. चाचणीतला घातांक २^३२ हा ६४ च्या पटीत असल्यामुळे उत्तर १ येणारच, संख्या मूळ असो वा नसो.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दिसतं, आणि ही सिद्धता खरोखर देखणी आहे. ६४१ दोन प्रकारे लिहा : ५ × २^७ + १ आणि ५^४ + २^४. आता ६४१ ने भागून उरणाऱ्या बाक्यांचाच विचार करा. पहिल्या रूपावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतं. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

पण ६४१ सापडायचा कसा? वर्गमुळापर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत, त्या सगळ्या तपासायची गरज नाही. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो, हे गणितज्ञ ऑयलरला कळलं होतं. १७३२ मध्ये त्याने ६४१ दाखवला आणि २^(२^n) + १ या रूपाच्या (इथे n = ५) सगळ्या संख्या मूळ असतात हा फर्माचा समज मोडला. पुढे गणितज्ञ ल्युकासने ६४ च्या जागी १२८ चालतो हे दाखवलं. मग यादी फारच आखूड होते : १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यातल्या १२९, ३८५, ५१३ संयुक्त. २५७ मूळ आहे, पण ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा गुणाकार बरोबर २^३२ − १ येतो, म्हणून २५७ ने भागल्यावर बाकी २ उरते. थोडक्यात, भागून पाहावा असा पहिलाच उमेदवार ६४१.

६७००४१७ मूळ आहे का, हेही याच नियमाने हातानं पडताळता येतं. वर्गमूळ २५८८ च्या आसपास. तिथपर्यंत १२८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या आणि अजून तपासायच्या मूळ संख्या चारच : ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून मूळ.

कोड लिहिणाऱ्यांनी जपायची जागा : ३२ बिटांच्या बिनचिन्ही (unsigned) चलात ही संख्या ठेवलीत तर ती १ होऊन बसते. ६४ बिटांच्या बिनचिन्ही चलात बाक्यांचे गुणाकार मावतात, फक्त एक सोडून : ४२९४९६७२९६ चा वर्ग नेमका २^६४ होतो आणि चलात ० उरतो. पाया २ घेतला की सहाव्याच वर्गाला हीच बाकी समोर येते. तुमचं उत्तर १ आलं, ० नाही, त्यावरून गुणाकार मोठ्या चलातच झालेला दिसतो.