वाचकांचे प्रश्न : पिल्लांची पांढरी हगवण आणि साल्मोनेला

प्रश्न : सिन्नर तालुक्यात माझी चार हजार पक्ष्यांची शेड असून पिल्ले, खाद्य आणि औषधे करारानुसार कंपनीकडून येतात. डिसेंबरातील बॅचमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मर लागली आणि दुसऱ्या आठवड्यात ती वाढली. पिल्ले ब्रूडरखाली (ऊब देणाऱ्या यंत्राखाली) गोळा होतात, पंख सोडून डोळे मिटून बसतात आणि त्यांच्या मागच्या बाजूला पांढरी विष्ठा चिकटून वाळते. सुपरवायझरने पाण्यातून प्रतिजैविक द्यायला सांगितले तेव्हा मर थांबली. औषध बंद होताच पुन्हा सुरू झाली. ही थंडीची मर आहे असे सगळे म्हणतात. खरे काय समजावे?
– एक कुक्कुटपालक, सिन्नर तालुका

उत्तर : थंडीचा संशय अगदीच निराधार नाही. निफाड-सिन्नर पट्ट्यात डिसेंबरच्या रात्री पारा इतका उतरतो की, शेडचे पडदे नीट सोडले नाहीत तर पहिल्या आठवड्यात लागणारी सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब ब्रूडरखाली टिकत नाही, आणि गारठलेल्या किंवा प्रवासात तहानलेल्या पिल्लांच्या मागेही पांढरा लगदा चिकटतो. मात्र गारठ्याची मर ऊब वाढवल्यावर लवकर ओसरते. आपल्या शेडमध्ये ती दुसऱ्या आठवड्यात चढली आणि औषध चालू असेपर्यंतच थांबली. त्यामुळे साल्मोनेला पुलोरम या जिवाणूपासून होणाऱ्या पांढऱ्या हगवणीचा, म्हणजेच पुलोरम रोगाचा, विचार आधी करायला हवा.

हा रोग पिल्लाला मुख्यतः आईकडून मिळतो. लहानपणी या आजारातून वाचलेली कोंबडी दिसायला धडधाकट असते, खाते-पिते, अंडी देते. पण तिच्या अंडाशयात जिवाणू मुक्काम ठोकून असतात आणि काही अंड्यांच्या बलकात उतरतात. अशी अंडी उबवणी यंत्रात गेली की काही पिल्ले कवचातच मरतात, काही बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत मान टाकतात आणि उरलेल्यांच्या अंगावरची वाळलेली लव यंत्रातील हवेबरोबर उडून शेजारच्या निरोगी पिल्लांच्या श्वासात जाते. अशी श्वासातून लागण झालेली पिल्ले शेडमध्ये आली तेव्हा टवटवीत असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मरू लागतात. आपण दिलेला दिवसांचा हिशेब याच्याशी पुष्कळसा जुळतो. पुढचा प्रसार मग शेडमध्ये अंथरलेले तूस, पाण्याची भांडी, उंदीर आणि आपले स्वतःचे बूट करतात.

तरीही केवळ पत्रावरून निदान करणे योग्य होणार नाही. औषध देण्याआधी दोन-तीन ताजी मेलेली आणि तेवढीच आजारी जिवंत पिल्ले जवळच्या पशुवैद्यकाकडे न्यावीत. शवविच्छेदनात न जिरलेला बलक आणि यकृत, हृदय किंवा फुप्फुसांवर पांढरट गाठी दिसल्या तर संशय बळावतो. भिजलेल्या तुसातील बुरशीमुळेही फुप्फुसांत अशाच गाठी होतात, हे मात्र लक्षात ठेवावे. शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा. त्यासाठी पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा पुण्यात औंध येथे आहे. पशुवैद्यकाने यकृताचे आणि बलकाचे नमुने बर्फात ठेवून पाठवले की तेथे जिवाणू वाढवून त्याची ओळख पटवता येते, आणि कोणते औषध त्याच्यावर चालते हेही कळते.

औषधाविषयी थोडे कडक बोलावे लागेल. प्रतिजैविकाने मर कमी होते, पण वाचलेले पक्षी जिवाणूमुक्त होत नाहीत. त्याशिवाय अंदाजाने दिलेल्या अर्धवट मात्रांमुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. पूर्वी पोल्ट्रीत सर्रास वापरले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक माणसाच्या गंभीर संसर्गात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवावे लागते, म्हणून केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. सुपरवायझर देतो त्या पुडीवरचे नाव वाचल्याशिवाय ती पाण्यात टाकू नये.

खरा इलाज मातृकळपात, म्हणजे ही पिल्ले ज्यांच्या अंड्यांतून येतात त्या कोंबड्यांच्या कळपात आहे. कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घेऊन तो पांढऱ्या फरशीवर रंगीत प्रतिजनात (याच जिवाणूच्या मृत पेशींच्या द्रावणात) मिसळला, तर वाहक कोंबडीच्या रक्तात दोन मिनिटांच्या आत गुठळ्या दिसतात. शेडमध्ये उभ्या-उभ्या होणारी ही स्वस्त चाचणी काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करून वाहक कोंबड्या काढत गेले की कळप स्वच्छ होतो. अमेरिकेत १९३५ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कुक्कुट सुधारणा कार्यक्रमाचा पाया हाच होता. पिल्लांच्या मातृकळपाची अशी तपासणी केव्हा झाली, हे आपण कंपनीला लेखी विचारावे. मरीचा हिशेब शेतकऱ्याच्या माथी लागतो, तेव्हा हा कागद मागण्याचा हक्कही त्याला असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : बाजारातून आणलेली अंडी मी लगेच धुऊन फ्रीजमध्ये ठेवते. चिकनही दोन-तीन पाण्यांनी धुते. एवढे पुरेसे आहे का?
– एक गृहिणी, नाशिकरोड

उत्तर : दोन्ही सवयी स्वच्छतेच्या वाटतात, पण त्यांनी फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक पातळ थर असतो. धुण्याने तो थर निघतो, आणि गार पाण्यात अंडे आकसले की कवचावरचा जिवाणू पाण्यासह आत ओढला जातो. घाण लागलेले अंडे घेऊच नये; घेतलेच, तर ते कोरड्या फडक्याने पुसून फोडेपर्यंत वेगळे ठेवावे. चिकन नळाखाली धरले की त्यावरचे जिवाणू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या काकडीवर जातात.

माणसाला त्रास देतात ते मुख्यतः साल्मोनेला जिवाणूचे एंटेरिटिडिस आणि टायफिम्युरियम हे प्रकार. हे जिवाणू असलेली कोंबडी बहुधा आजारीच पडत नाही, म्हणून दुकानात पक्षी पाहून काही कळत नाही. उष्णतेपुढे मात्र त्यांचे काही चालत नाही. मांसाच्या आतल्या भागाचे तापमान ७४ अंशांवर गेले की ते मरतात, आणि काळ्या मसाल्याचा रस्सा आपल्याकडे ज्या रीतीने रटरटत ठेवतात, त्यात त्यांना जागाच उरत नाही. फ्रीजमध्ये ते फक्त थांबतात, मरत नाहीत. म्हणून काळजी रश्श्याची नव्हे, तर कच्च्या मांसाला लागलेल्या सुरीची, अर्धवट शिजलेल्या बलकाची आणि घरी किंवा गाडीवर कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनीजची करावी. तेलंगण सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा मेयोनीजवर एक वर्षाची बंदी घातली होती.

प्रश्न : आमच्या गावरान कोंबड्या हिरवट-पिवळे हगून मरत आहेत. गावात म्हणतात, हा कोंबड्यांचा टायफॉइड आहे आणि तो घरातल्या माणसांनाही होतो. हे खरे आहे का?
– एक वाचक, इगतपुरी तालुका

उत्तर : नाही. माणसाचा विषमज्वर साल्मोनेला टायफी या जिवाणूने होतो, आणि तो फक्त माणसातच राहतो. कोंबड्यांचा टायफॉइड साल्मोनेला गॅलिनेरम या वेगळ्या जिवाणूमुळे होतो. नावाच्या सारखेपणामुळे हा गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपल्या कोंबड्यांना मानमोडी (राणीखेत) झाली असण्याची शक्यताही तितकीच आहे, कारण त्या रोगातही हिरवट हगवण लागते. तेव्हा एक मेलेला पक्षी पिशवीत बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. त्याचे यकृत सुजून काशाच्या रंगाचे झालेले दिसले, तर टायफॉइडचा संशय पक्का होतो. मेलेल्या कोंबड्या नाल्यात न टाकता चुना घालून खोल पुराव्यात.

प्रश्न : मी द्राक्षबागेसाठी आणि मेथी-कोथिंबिरीसाठी कोंबडखत विकत घेतो. आजारी शेडमधील खत आले तर?
– एक शेतकरी, दिंडोरी तालुका

उत्तर : द्राक्षाचे घड मांडवावर असतात, त्यामुळे तेथे धोका कमी आहे. मेथी आणि कोथिंबीर जमिनीला टेकून वाढतात, आणि कोथिंबीर आपण कच्चीच खातो. तेथे कच्चे कोंबडखत अजिबात टाकू नये. खताचा ढीग ओलसर ठेवून, आतली उष्णता किमान पंधरा दिवस ५५ अंशांवर टिकेल असा रचून, त्या काळात किमान पाच वेळा उलथून घ्यावा, म्हणजे बाहेरचा थरही आत जाऊन तापतो. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीचा नियम हाच आहे, आणि तेथे कच्चे खत टाकल्यास मातीला टेकणारे पीक १२० दिवस काढू देत नाहीत. कोथिंबिरीचे पीक तर दीड महिन्यात निघते, तेव्हा तिच्यासाठी कुजवलेल्या खताशिवाय पर्याय नाही. ढीग विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूस घालावा.