सासऱ्यांचा लाकडी बैल

प्रश्न : डॉक्टर ताई, आमच्या घरी सासऱ्यांच्या लहानपणचा लाकडी बैल आहे. दर तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, त्याला ऑइल पेंटचा हात बसतो. यंदा ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवून उरलेला पिवळा मारला. माझा दीड वर्षाचा मुलगा त्याचं शिंग चघळतो, जुन्या चौकटीचे पोपडेही तोंडात घालतो. रंगात शिसं असतं म्हणे. सासूबाई म्हणतात, "माही चार लेकरं हाच बैल चाटून मोठी झाली, काय झालं त्याइले?" काय करू?
— एक आई, हिंगणघाट तालुका

उत्तर : सासूबाईंशी वाद नको. शिशाने ना ताप येतो, ना पुरळ. लेकरू हसतं-खेळतं, पुढे शाळेत लक्ष लागत नाही, तेव्हा आपण "डोकंच जड आहे" म्हणून मोकळे होतो. त्या चौघांचं काय गेलं, हे आता कोण सांगणार?

मीही माहेरी आर्वीला असल्याच बैलाचं शेपूट चावलंय. गेल्या पोळ्याला त्याच्या शिंगाचा पोपडा नखाने उचलून पाहिला. कडेला कांद्यासारखे पदर दिसले, लाल, हिरवा, पिवळा, परत लाल. नेमक्या याच भडक रंगांत शिशाची संयुगं घालायची पद्धत होती. चवीला शिसं किंचित गोड, म्हणून पोर परत परत तिकडेच वळतं.

आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. ट्रॉलीचा, यंत्रांचा रंग त्यात येत नाही. म्हणजे तुमचा यंदाचा पिवळा जुन्या थरांइतकाच संशयाचा. पुढे डबा घेताना त्यावर शिशाचं प्रमाण छापलेलं आहे का, ते वाचा.

मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. नमुना बहुधा शहरातल्या लॅबला जाईल. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त निघालं, तर डॉक्टरांना दाखवा आणि शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा. हिमोग्लोबिनही पाहा. लोह कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं, आणि पोपडे-माती खाणाऱ्या बहुतेक पोरांचं रक्त कमीच असतं.

चौकट कोरडी घासू नका, सँडपेपर तर नाहीच. आपल्याकडे पेंटर आला की आधी तोच काढतो. सगळी धूळ मग पोराच्या अंथरुणावर. मुलाला दोन दिवस माहेरी ठेवा. रंग पाण्याने ओला करून सुटलेले पोपडेच अलगद काढा, खाली प्लास्टिक अंथरा, मग नवा रंग द्या. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने दोनदा पुसा. पोपडे पिशवीत बांधून टाका, उकिरड्यावर नको, ते खत उद्या वावरात जाईल. जुनी रंगवलेली फळी चुलीत तर मुळीच घालू नका. त्या धुरात शिसं असतं, आणि चुलीपाशी तुम्ही पोराला कडेवर घेऊन बसता.

राहिला बैल. सासऱ्यांचा जीव त्यात आहे, फेकायला सांगणार नाही. वरच्या देवळीत ठेवा. मुलासाठी सुताराकडून बिनरंगी लहान बैल करून घ्या, चाकं मात्र नीट फिरणारी हवीत. मोठ्या बैलाला पोळ्याच्या दिवशी आजोबाच ओढू देत. बोजारा, म्हणजे बैल घेऊन घरोघरी फिरल्यावर मिळणारे पैसे-खाऊ, गोळा करून आले की हात साबणाने धुऊनच करंजीला लावा. आजोबांनीही.