धोका कुणाच्या पदरात पडतो ते आधी बघ

पोरी,

काल प्रबंधाचे तक्ते दाखवताना तुझा चेहरा उतरला होता. व्यापार खुला झाला की सरकार आक्रसतं असं गृहीत धरलंस, आणि आकडे उलटं सांगायला लागले: व्यापार जितका खुला, तितका सरकारचा खर्च मोठा. राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड कॅमेरून यांना 1978 मध्ये 18 श्रीमंत देशांत हेच दिसलं. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी 1998 मध्ये विकसनशील देश धरून तेच मांडलं. आकड्यांना बोल लावू नकोस.

खुल्या व्यापाराबरोबर येणारा धोका कुणाच्या पदरात पडतो ते बघ. परदेशातली ऑर्डर थांबली की कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत आधी साचे बनवणारा कंत्राटी मोल्डर घरी बसतो. श्रीमंत देशात त्याला बेकारी भत्ता मिळतो. गरीब देशाला ती यंत्रणा झेपत नाही. तिथं सरकारी नोकऱ्या आणि सरकारी खर्चच धक्का झेलतात, असं रॉड्रिक म्हणतात. म्हणून नुसतं व्यापाराचं जीडीपीशी प्रमाण पुरत नाही. आयात-निर्यातीच्या सापेक्ष किमती किती हेलकावतात तेही त्याला गुणून घे. हे आधीही सांगितलं होतं, तू मान हलवलीस, आणि तक्त्यात रकाना नाही! असं कसं चालेल?

अलेसिना आणि वाक्झियार्ग या अर्थतज्ज्ञांचा आक्षेपही टाळू नकोस. लहान देश व्यापाराला खुले असतातच, आणि प्रशासनाचा खर्च मोजक्या डोक्यांवर पडल्यानं तिथलं सरकारही मोठं दिसतं. लोकसंख्येचाही रकाना घाल.

गरीब देशांची खरी गोची मात्र वेगळी आहे. सीमाशुल्क हा वसुलीला सगळ्यात सोपा कर, आणि दारं उघडली की तोच आटतो. आधार द्यायची गरज वाढते तेव्हाच तिजोरीला भोक पडतं. आपल्याकडे 1991 नंतर जीडीपीच्या मानानं व्यापार कितीतरी वाढला. केंद्र-राज्यांचा खर्च त्या मानानं वाढला नाही. मग धोका गेला कुठं? 2005 च्या कायद्यानं रोजगाराची हमी दिली, तीही ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची. शहरातल्या मोल्डरनं बायकोचे दागिने गहाण टाकले. तो धोका सरकारच्या हिशेबात येतच नाही, म्हणून तुझ्या प्रबंधात यायला हवा.

निष्कर्ष जरा वळवून घे, असं तुला सांगितलं जातंय. मलाही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, पीएचडी अर्धवट राहिली. त्याची खंत आजही आहे, पण सही करायला लाज वाटेल असं एकही पान मी लिहिलं नाही आणि पुन्हा वेळ आली तरी तसंच करीन. लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत. धोका कुणाच्या पदरात, एवढं विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

सोमवारी ये. दोन्ही रकाने भरून आण, नाहीतर येऊ नकोस. जेवायलाच ये.