आर्म आधी की कार्ट्रिज? जुन्या टर्नटेबलवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : थोरेन्सचा टीडी १२४ टर्नटेबल हाती लागलाय, मोटर आणि आयडलर (मोटरची गती तबकडीला देणारं रबरी चाक) एकदम ठणठणीत, पण आर्मच, म्हणजे रेकॉर्डवर सुई धरणारा दांडाच, नाहीये, नुसता आर्मबोर्ड, आर्म बसवायची फळी, आहे. कार्ट्रिज, म्हणजे सुई असलेली डबी, म्हणून डेनॉनची डीएल-१०३ आधीच घेऊन ठेवलीय. सगळे सांगतात की आर्म बारा इंचीच लाव. कोणता घेऊ?

उत्तर : कार्ट्रिज आधी घेतलीत ते बरं केलंत, निम्मा प्रश्न तिथेच सुटला. बरेच जण उलटं करतात, दिसायला झकास आर्म घेतात आणि मग त्याला चालेल अशी कार्ट्रिज शोधत बसतात.

आता गणित बघा, अवघड नाहीये. आर्म आणि सुईचं सस्पेन्शन (सुई ज्या लवचीक आधारावर हलते तो) मिळून एका ठराविक फ्रिक्वेन्सीला डोलतात आणि ती ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये पडायला हवी, कारण त्याच्या खाली वाकड्या रेकॉर्डची हालचाल आणि पावलांचे धक्के असतात आणि वर २० पासून संगीतच सुरू होतं. फॉर्म्युला असा की १५९ ला भागायचं, कशाने तर एकूण मास गुणिले कम्प्लायन्स, म्हणजे सस्पेन्शन किती मऊ त्याचा आकडा, याच्या वर्गमुळाने. मास म्हणजे आर्मचा इफेक्टिव्ह मास अधिक कार्ट्रिज अधिक स्क्रू. आणि इफेक्टिव्ह मास म्हणजे आर्म वजनकाट्यावर ठेवून येणारं वजन नव्हे हं, पिव्हटजवळचं (आर्म जिथे टेकून फिरतो तिथलं) वजन त्यात जेमतेम धरलं जातं, हेडशेलकडचं, म्हणजे कार्ट्रिज बसते त्या टोकाकडचं, मात्र जवळजवळ पूर्ण.

डीएल-१०३ जपानच्या एनएचके रेडिओसाठी बनलेली, तिचं सस्पेन्शन मुळातच कडक. कंपनी कम्प्लायन्स ५ देते पण तो १०० हर्ट्झला मोजलेला, १० हर्ट्झला साधारण ९ धरून चला. कार्ट्रिजचं वजन साडेआठ ग्रॅम. रेगा आरबी ३०० सारखा ११ ग्रॅमवाला आर्म घेतलात तर उत्तर १२ च्या आसपास येतं, म्हणजे अगदी कडेला, वाजेल पण बास जरा सुकट वाटू शकतो. तेच २० ग्रॅमचा आर्म घेतला तर जवळपास ९.८, एकदम मध्यावर. त्यामुळे माझं मत विचाराल तर सुट्या हेडशेलचा, मध्यम ते जड आर्म घ्या, आणि थोडा हलका निघालाच तर जड हेडशेल लावून भरपाई करता येते, फक्त तेवढं वजन तोलेल असा काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन) आहे ना ते आधी बघा.

राहता राहिला बारा इंचीचा हट्ट. लांब आर्ममध्ये सुईच्या कोनाची चूक कमी होते, नऊ इंचीपेक्षा साधारण पाव हिश्श्याने, हे खरंय. पण त्याच्या बदल्यात मास वाढतो, आणि टीडी १२४ च्या मूळ आर्मबोर्डवर बारा इंची बसतच नाही, त्याला बाहेर आलेला लांब बोर्ड करून घ्यावा लागतो आणि तो जरा जरी लवलवला तर मिळवलेलं सगळं तिथेच गेलं. मी तरी नऊ इंचीच लावेन आणि अलाइनमेंटला, म्हणजे सुईचा कोन नीट जुळवायला, एक अख्खी संध्याकाळ देईन. बोर्डला भोक पाडण्याआधी स्पिंडलच्या (तबकडीच्या मधल्या खुंटीच्या) मध्यापासून पिव्हटच्या मध्यापर्यंतचं अंतर दोनदा मोजा, रेगाला २२२ मिमी लागतं, दुसऱ्या आर्मला वेगळं. बोर्ड चुकला तर दुसरा करता येईल. चॅसिसला, म्हणजे टर्नटेबलच्या मूळ सांगाड्याला, मात्र ड्रिल लावू नका, प्लीज.

प्रश्न : जुना एसएमई ३००९ आर्म मिळतोय. विकणारा म्हणतो बेअरिंग टाइट आहे. मी हेडशेल धरून हलवून बघितलं तर वर उचलल्यासारखं वाटलं. खराब आहे का?

उत्तर : तेवढ्यावरून खराब म्हणता येणार नाही. ३००९ मध्ये वरखाली हालचालीसाठी नाइफ-एज बेअरिंग आहे, म्हणजे आर्म धारेवर नुसता टेकलेला असतो, ओढलात तर उचलला जाणारच. बॉल बेअरिंगच्या आर्मला ही टेस्ट बरोबर आहे, तिथे टकटक जाणवली तर सरळ नाही म्हणा. इथे काय करायचं, अँटिस्केटिंगचा (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून लावलेला) दोरा काढून ठेवायचा, आर्म आडवा तोलायचा आणि हेडशेलवर कागदाचा छोटा कपटा ठेवायचा. आर्म हळूच खाली गेला पाहिजे, अडखळत नाही. मग बाजूने हलकी फुंकर मारून बघा, सरकून सावकाश थांबला तर ठीक, एकाच जागी अटकत असेल तर गडबड आहे. आणि मागचा काउंटरवेट बघा, आतलं रबर म्हातारं झालं की तो खाली झुकतो. ते दुरुस्त होतं, पण भाव करताना बोलून दाखवा.

प्रश्न : लेन्को एल ७५ टर्नटेबलचा मूळ आर्म ठेवू की बदलू?

उत्तर : आधी त्याचे व्ही-ब्लॉक बघा. आर्म ज्या छोट्या रबरी खाचांत टेकतो त्या वर्षानुवर्षांत भुगा होतात आणि मग आर्म डुगडुगतो. नवीन ब्लॉक मिळतात, टाकायला फार वेळ लागत नाही. आर्म तसा जडच आहे, त्यामुळे कडक सस्पेन्शनची कार्ट्रिज लावणार असाल तर ठेवा खुशाल. मऊ सुईवाली लावायची असेल तरच बदलायचं बघा.