बांगडी फुटते, मग ‘वाढली’ का म्हणायचं?

एका ताईंनी विचारलंय की काचेची बांगडी फुटली असं त्या म्हणाल्या की सासूबाई लगेच टोकतात, ‘फुटली काय गं, वाढली म्हण’. तर जी वस्तू मोडली ती वाढली कशी, नारळ पण वाढवतात तो का, आणि घरातून निघताना ‘जाते’ म्हटलं तरी ‘येते म्हण’ असं का सांगतात, ते याच्याशीच जोडलेलं आहे का.

हो, जोडलेलं आहे, आणि या सगळ्याच्या मुळाशी मरण आहे.

काचेची बांगडी सौभाग्याची खूण, म्हणजे नवरा जिवंत असल्याची खूण. ती फुटणं म्हणजे नेमकं काय हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत असतं, कारण नवरा गेल्यावर त्याच्या देहाजवळ बाईच्या हातातल्या बांगड्या फोडल्या जायच्या आणि काही ठिकाणी अजून फोडतात. मग भांडी घासताना ओट्यावर आपटून एखादी तडकली तर त्या साध्या गोष्टीला तेच क्रियापद कसं लावायचं? म्हणून उलटं बोलायचं. ‘वाढली’. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर मंगळसूत्र वाढलं, करंड्यातलं कुंकू संपलं तर कुंकू वाढलं. दिवा विझला असं तर जुनी माणसं चुकूनही म्हणत नाहीत, दिवा शांत झाला, मालवला, किंवा वाढवला. हिंदी-उर्दूत पण दुकान बंद करताना ‘दुकान बढ़ाना’, दिवा मालवताना ‘दिया बढ़ाना’ असंच म्हणतात, त्यामुळे ही फक्त मराठीची खोड नाहीये.

कासाराकडे बसून बघा एकदा. जुन्या बांगड्या काढायच्या असतील तर तो ‘या वाढवू का?’ असं विचारतो, आणि बऱ्याच बायका एक तरी बांगडी हातात ठेवायला लावतात, सगळा हात मोकळा होऊ देत नाहीत, नवीन भरून झाल्या की मग ती शेवटची काढायची. एवढ्याशा दोन मिनिटांतसुद्धा हात रिकामा नको, कारण रिकामा हात कशाचा ते सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणीच नाही.

आता व्युत्पत्तीकडे येऊ, कारण इथे एक मजेशीर भानगड आहे जी फार लोकांना माहीत नसते. संस्कृतात वाढण्याचा धातू वृध् हा सगळ्यांना माहितीये, वृद्धी, वर्धापन वगैरे. पण ‘वर्ध्’ याचा कापणे असाही एक अर्थ संस्कृतात आहे. मनुस्मृतीत जातकर्म कधी करायचं तर ‘नाभिवर्धना’च्या आधी असं सांगितलंय, तिथे नाभिवर्धन म्हणजे बाळाची नाळ कापणं, नाळ मोठी होणं नव्हे. लाकूड कापणाऱ्या सुताराला संस्कृतात वर्धकि, त्याचाच हिंदीत बढई झाला, आणि आपल्याकडे वाढई. विदर्भात वाढई आडनावाची कितीतरी घरं आहेत. गुजरातीत नारळ फोडण्याला ‘वधेरवुं’ म्हणतात, तोही याच कुळातला असावा.

म्हणजे मग ‘नारळ वाढवणे’ हा सरळ ‘नारळ कापणे, छेदणे’ असाच जुना शब्द आहे आणि त्यात शुभ-अशुभ काही नाही, असं म्हणून मोकळं व्हायचं का? काही जण तसं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. नारळाला आणि बांगडीला कापण्याचा अर्थ ओढूनताणून बसतो पण कुंकू कोण कापतं? दिवा कोण कापतं? जुना कापण्याचा शब्द आणि वाढण्याचा शब्द उच्चारात एक झाले, लोकांना त्यातला भरभराटीचा अर्थ तेवढा ऐकू येत राहिला, आणि जिथे जिथे शेवट बोलायची भीती वाटली तिथे तिथे त्यांनी तो वापरला, मला तरी असंच दिसतं. शब्द कुठून आला ते व्याकरण सांगेल, पण तो एवढ्या जागी का पसरला त्याचं उत्तर भीतीतच शोधावं लागतं.

‘येते’चं पण तसंच. ‘गेला’ या शब्दाला मराठीत दुसरा अर्थ इतका घट्ट चिकटलाय की ‘काका गेले’ असा नुसता मेसेज आला तर कुठे गेले असं कुणी विचारत नाही. म्हणून दारातून निघणाऱ्यानं परत येण्याचं बोलायचं. गुजराती माणूस निरोप देताना ‘आवजो’ म्हणतो, तमिळ माणूस ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे जाऊन येतो. आणि यातली मला सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट म्हणजे ‘निवर्तले’ हा शब्द. निवर्तणे म्हणजे मागे फिरणे, परत जाणे. जिवंत माणूस निघाला की तो परत येणार म्हणायचं, आणि मेला की तो परत गेला म्हणायचं, म्हणजे घर नक्की कुठलं धरायचं आपण?

मरणाला थेट नाव द्यायचं नाही यासाठी मराठीत केवढे शब्द झालेत. देवाज्ञा झाली, देवाघरी गेले, वारले, कैलासवासी, वारकरी असतील तर वैकुंठवासी, लिंगायत असतील तर लिंगैक्य, मुसलमान शेजाऱ्यासाठी पैगंबरवासी, ख्रिस्ती माणसासाठी ख्रिस्तवासी. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन म्हणतात तो शब्द मात्र मी या यादीत धरत नाही, तो टाळाटाळीचा शब्द नाहीये, बुद्धाच्या परंपरेतला आहे आणि आदराने मुद्दाम निवडलेला आहे.

ज्या गोष्टींनी मरण येतं त्यांची नावं पण अशीच. गावाकडे रात्री साप म्हणत नाहीत, लांबडं किंवा जनावर म्हणतात, आणि सर्पदंश झाला तर ‘पान लागलं’. ज्या रोगानं घरंच्या घरं रिकामी केली त्याचं नाव आपण ‘देवी’ ठेवलं, देवी आल्या असं आदरार्थी बहुवचनात बोलायचो, जगातून तो रोग संपल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं तरी नाव तेच राहिलं. आणि मुलांची नावं बघा, धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला असं नाव ठेवायचे, म्हणजे मरणाला वाटावं हे काही नेण्यासारखं नाही. शाळेत अशा नावांना हसतात ना, तेव्हा मला फार वाईट वाटतं, त्या एकेका नावामागे त्याच्या आधी गेलेली भावंडं आहेत आणि ती आई आहे.

मग थेट ‘फुटली’ कधी म्हणतात? जेव्हा मरणच सांगायचं असतं तेव्हा. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर पेशव्यांना जी सांकेतिक बातमी पोचली म्हणून सांगतात ती आठवा, लाख बांगडी फुटली, दोन मोती गळाले, पुढे मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. माणसांना मोती म्हटलंय, मोहरा म्हटलंय, सगळं झाकून बोललंय, पण बांगडीला ‘वाढली’ म्हटलेलं नाही. तिथे फुटलीच पाहिजे, तिथे ‘वाढली’ म्हटलं असतं तर अर्थच कळला नसता.

आणि याच कारणाने मला मे २०२२ मधला हेरवाडचा ठराव भाषेच्या अंगानेही महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावानं ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचं ठरवलं आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठरावाच्या बातम्यांत काय आलं? बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे. चार सरळ क्रियापदं. घरात ज्या गोष्टीला आपण पिढ्यानपिढ्या ‘वाढणे’ म्हणून वळसा घालत आलो ती त्या बाईच्या बाबतीत मात्र खरोखर फोडली जायची, हे गावानं स्वच्छ शब्दांत लिहून काढलं, तेव्हाच ते थांबवता आलं. जपून बोलण्याची ही सगळी काळजी सवाष्णीपुरती होती, जिचं माणूस गेलं तिच्यापर्यंत ती कधी पोचलीच नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता ताई, तुमच्या सासूबाईंचं काय. त्यांना ‘वाढली’ म्हणा, माझा तरी आग्रह राहील, त्या शब्दात त्यांच्या मुलाच्या आयुष्याची काळजी आहे. पण घरात किंवा शेजारी नवरा नसलेली कुणी असेल आणि तिची बांगडी तडकली तर तिलाही ‘वाढली’च म्हणा, तिच्यासाठी वेगळा शब्द काढू नका. नारळाचं म्हणाल तर देवळात तो वाढवतात, चटणीसाठी घरी फोडला म्हटलं तर कुणी टोकत नाही, पेपरात तर प्रचाराचा नारळ दर निवडणुकीला फुटतोच. काचेचा ग्लास, कप, बरणी यांना ‘वाढली’ लावू नका, ते मराठी होणार नाही.