होडीच्या डिझेल इंजिनला नवं पॅकिंग घालू की नुसतं सिलिकॉन लावून बसवू?

तुम्ही विचारलंय, सगळी पॅकिंगं (दोन भागांच्या सांध्यात घालतात ती गॅस्केटं) फाटलीत, पाऊस तोंडावर आलाय, सिलिकॉनच्या ट्यूबवर भागेल का आणि कुठली ट्यूब घेऊ. नाही भागणार. चिकोडीत आमचं इंजिन स्पेअरचं दुकान आहे, काउंटरवर मी बसते, आणि हा वाद माझ्या घरातलाच आहे म्हणून सविस्तर लिहिते.

माझे दीर मेस्त्री आहेत. हाताला चांगले, आवाज ऐकून इंजिनचा रोग सांगतात, पण पॅकिंगचं नाव काढलं की त्यांचं एकच, "वैनी, पॅकिंग म्हणजे दुकानदारांचा धंदा, ट्यूब मारायची आणि मोकळं व्हायचं." आणि हे गिऱ्हाइकासमोर म्हणतात. अहो ट्यूब पण मीच विकते की, तिच्यातही मला पैसे सुटतातच.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड असले बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातातच, त्या साली गावंच्या गावं पाण्यात होती. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या एका नावाड्याचं इंजिन चिखल भरून आलं, सिंगल सिलिंडर डिझेल, पंपाला असतं तसलंच, शाफ्ट जोडून होडीला बसवलेलं. मी पॅकिंगचा पूर्ण सेट काढून ठेवला, भाऊजींनी बघितलासुद्धा नाही. साइड कव्हरला ट्यूब, सिलिंडरच्या ब्लॉकखाली ट्यूब, बाहेरून बोटभर सिलिकॉन आलेलं. इंजिन चालू झालं, नावाडी खूश होऊन गेला.

ऊसतोड सुरू झाली आणि माणसं बसलेली असताना भर पात्रात ते इंजिन जाम झालं. बांबू टाकत टाकत होडी काठाला लावली, कुणाला काही झालं नाही, पण पाण्याला ओढ असती तर काय झालं असतं हा विचार आला की मला आजही राग येतो. उघडलं तेव्हा मी स्वतः उभी होते. ऑइलच्या जाळीत सिलिकॉनचे तुकडे अडकलेले, ऑइल वर चढलंच नाही, बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं बेरिंग जळालं, ते ज्याच्यावर बसतं तो क्रँक घासला, तो ग्राइंडिंगला बेळगावला उद्यमबागेत न्यावा लागला. बाहेर जेवढं सिलिकॉन दिसतं तेवढंच आत पण दाबलं जातं, ते कधीतरी सुटणारच.

आणि ब्लॉकखालचं पॅकिंग नुसतं गळती थांबवायला नसतं हो. त्याच्या जाडीवर पिस्टन हेडच्या किती जवळ जाणार ते ठरतं, त्यालाच बंपिंग म्हणतात, पिस्टनवर शिशाची तार ठेवून इंजिन हातानं फिरवायचं आणि चेपलेली तार मोजायची. तिथं जाडी न मोजता ट्यूब मारली की पिस्टन वर येतो आणि हेडला ठोकायला लागतो. हेड पॅकिंग नवंच घ्या, एकदा चेपलेलं परत बसत नाही, आणि कंपनीनं सांगितलं नसेल तर कोरडंच बसवा, बोल्ट मधून बाहेर टप्प्याटप्प्यानं आवळा. त्याआधी फेस, म्हणजे पॅकिंग टेकतं ती बाजू साफ करा, पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून सपाट आहे का बघा. वाकलेल्या हेडला कुठलंच पॅकिंग पुरत नाही. समुद्राच्या पाण्यातलं इंजिन असेल तर पाण्याच्या भोकांभोवती खड्डे पडलेत का तेही बघा. साइड कव्हरचं कागदी पॅकिंग मिळालं नाही तर तेवढ्याच जाडीच्या जॉइंट शीटमधून कापता येतं, दुकानात जाताना जुने तुकडे सोबत न्या, फेकू नका.

हां, एक राहिलं. पेट्रोलचं आउटबोर्ड (होडीच्या मागं बाहेरून लावतात ते इंजिन) असेल तर क्रँककेसचे, म्हणजे क्रँक ज्यात बसतो त्या पेटीचे, दोन अर्धे बऱ्याच इंजिनांत कंपनीतूनच पॅकिंगशिवाय, सीलंटवर जोडलेले असतात, तिथं पॅकिंग शोधत बसू नका. पण ते सीलंट वेगळं, धातूच्या मध्ये हवा नसताना घट्ट होणारं. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, कार्ब्युरेटरला तर लावूच नका. आणि जिथं मॅन्युअलमध्ये सिलिकॉन लिहिलंय तिथं पातळ रेघ मारा आणि सुकायला वेळ द्या, लगेच पाण्यात उतरू नका.

भाऊजी अजून म्हणतात, ट्यूबचा दोष नव्हता, ऑइल पंपच गेला होता. पंप तेव्हाच उघडून तपासला होता, काही झालं नव्हतं, जाळी धुऊन तोच परत बसवला, आणि तोच पंप त्या इंजिनात आजही चालतोय, नवीन पॅकिंगच्या सेटसकट.